चार हात पुढची नजर

आपली मोठी तीर्थे बहुतांशी डोंगरांवर आहेत. शिखरजी, गिरनार, शत्रुंजय, मांगीतुंगी; दक्षिणेत उतरलो तर श्रवणबेळगोळचा विंध्यगिरी. यात्रेचा बेत ठरला की घरात आठवडाभर चर्चा चालते ती गाडीच्या भाड्याची, धर्मशाळेतील खोल्यांची, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची, कोणाच्या गुडघ्यांची आणि कोणाच्या साखरेची. दुकान कोण सांभाळणार, हा प्रश्न तर निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत सुटत नाही. या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मात्र मी कधी ऐकला नव्हता: आपल्यापैकी उंचीची भीती कोणाकोणाला वाटते?

ती वाटणारी माणसे प्रत्येक संघात असतात. जर्मनीत झालेल्या एका मोठ्या पाहणीत चौथ्या हिश्शाहून अधिक प्रौढांनी उंच जागी अस्वस्थ होण्याचा अनुभव सांगितला होता. हे प्रमाण आपल्याकडेही जवळपास तसेच धरले, तर वीस जणांच्या बसमध्ये अशी पाच-सहा माणसे निघावीत. पण पायथ्याशी ती ओळखू येत नाहीत. कोणी गुडघा पुढे करतो, कोणी सामान राखायला थांबतो, कोणाला नेमका त्याच पहाटे सुरतेच्या व्यापाऱ्याचा फोन येणार असतो. वर जाऊन आलेले लोक दुपारी दर्शनाचे वर्णन करतात आणि हा माणूस मान डोलावत ऐकत राहतो. सिद्धक्षेत्राच्या पायथ्यापर्यंत येऊन वंदनेवाचून परतणे ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नसते. परंतु ती तो कोणापाशी बोलत नाही.

मी स्वतः त्या चौथ्या हिश्शातला. बँकांच्या शाखा बहुधा तळमजल्यावर असतात, त्यामुळे छत्तीस वर्षांच्या नोकरीत ही भीती फारशी आड आली नाही. निवृत्तीनंतर मुलाने पुण्यात अकराव्या मजल्यावर घर घेतले आणि तिच्याशी रोजचा संबंध आला. गॅलरीत सून चहा ठेवी आणि मी तो आत दिवाणखान्यात आणून पीत असे. कठड्यापासून चार फुटांवर आलो की तळपाय ओले होत, पोटात खड्डा पडे आणि गॅलरीच आपल्याला बाहेरच्या बाजूला ढकलत आहे असे वाटे. ज्यांना हे कधी वाटले नाही त्यांना ते सांगून पटत नाही. ज्यांना वाटते त्यांना अधिक सांगावे लागत नाही.

ही भीती काही अंशी माणसाच्या जन्माबरोबर येते. अमेरिकेतील एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेचे एक टेबल. अर्ध्या भागात काचेला लागून चौकटीचे कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. रांगणारी बाळे पहिल्या भागावर निर्धास्त फिरत, पण दुसऱ्या बाजूने आईने कितीही बोलावले तरी त्यांतील बहुतेक खोल दिसणाऱ्या काचेवर जात नसत. ज्याला अजून शब्द येत नाहीत, त्या जिवालाही खोली कळते. तेव्हा या भीतीची लाज वाटण्याचे कारण नाही. ती राखणदार म्हणूनच आपल्याबरोबर आलेली आहे. पंचाईत होते ती हा राखणदार घरच्या माणसांवरही भुंकू लागतो तेव्हा.

दुसरा भाग डोळ्यांचा आणि कानांचा आहे. आपण सरळ उभे असतो तेव्हाही शरीर सतत किंचित हलत असते. हा डोल सावरण्यासाठी मेंदू तीन साक्षीदारांवर अवलंबून असतो: डोळे, कानाच्या आतील तोल राखणारे इंद्रिय आणि तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव. जवळ भिंत, झाड किंवा कठडा असेल तर शरीर हलल्याबरोबर ती वस्तू नजरेत किंचित सरकते आणि मेंदू तोल सावरतो. कड्यावर उभे राहून दूर दरीत पाहिले की नजरेच्या टप्प्यातील सर्वांत जवळची वस्तूही शेकडो फूट लांब असते. ती सरकलेली डोळ्यांना उमगत नाही. डोळे म्हणतात, ‘स्थिर आहे’. कान आणि तळपाय म्हणतात, ‘हलतो आहे’. साक्षी जुळत नाहीत, शरीर अधिकच डोलू लागते, आणि मग धोक्याची घंटा वाजते. थॉमस ब्रँट या जर्मन मज्जाविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ही मांडणी केली. त्यावरचा उपायही त्यातूनच निघतो. नजरेत जवळची एखादी स्थिर वस्तू ठेवावी, हात कशाला तरी टेकवावा, अगदीच नकोसे झाले तर खाली बसावे. वाहत्या ढगांकडे टक लावून पाहू नये.

हे वाचताना मला एकदम ईर्यासमिती आठवली. आपले साधुसाध्वी विहार करताना सुमारे चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यामागचा हेतू जीवरक्षेचा आहे आणि तोच राहिला पाहिजे. उंचीच्या भीतीवरचा इलाज म्हणून तो नियम कोणी सांगितलेला नाही. तरीही जो माणूस चार हात पुढची जमीन पाहत एकेक पाऊल टाकतो, त्याच्या डोळ्यांसमोर कायम जवळची, स्थिर वस्तू असते. अरुंद डोंगरवाटांवरून वयोवृद्ध मुनिराज शांतपणे चालत जातात, त्यात त्यांच्या वैराग्याचा वाटा मोठा असेलच. नजरेच्या या सवयीचाही काही वाटा असावा, असे मला वाटू लागले.

शास्त्राचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी एक गोष्ट बोलतो. पहाडाच्या पायथ्याशी कोणी अडखळले की हमखास एक वाक्य ऐकू येते: ‘भाव असला की भीती वाटत नाही.’ बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो; ऐकणाऱ्याला मात्र आपल्या श्रद्धेवर शेरा मारला गेल्यासारखे होते. कर्मसिद्धान्त काय सांगतो? भय हा नऊ नोकषायांपैकी एक आहे आणि नोकषाय चारित्रमोहनीयात मोजले जातात. श्रद्धेचा संबंध आहे तो दर्शनमोहनीयाशी. सम्यक्त्व चौथ्या गुणस्थानी प्राप्त होऊ शकते आणि भयाचा उदय आठव्यापर्यंत संभवतो. म्हणजे खरी श्रद्धा आणि भयाचा उदय एकाच जिवात एकाच वेळी असू शकतात. अभ्यासू वाचक इथे सम्यग्दृष्टी सात भयांपासून मुक्त असतो हे वचन पुढे करतील. ते मान्यच आहे. पण ती आत्मस्वरूपाविषयीची निःशंकता होय. कड्यावर पिंडऱ्या थरथरणे ही निराळी बाब. आणि स्थानांगसूत्रात जी सात भये मोजली आहेत त्यांत एक अश्लोकभय आहे, म्हणजे अपकीर्तीचे भय. लोक काय म्हणतील, ही ती भीती. गुडघ्याचे निमित्त करून खाली बसलेला माणूस दरीला जितका भितो, तितकाच तो बहुधा या सातव्या भयालाही भीत असतो. पेढीवरच्या माणसाला तर ते अधिकच. बाजारात पत टिकवायची तर कच खाल्लेली दिसू नये, हा धडा आपल्याकडे मुलांना तराजूआधी मिळतो.

मी बँकेत बराच काळ कर्जप्रकरणे तपासली. त्या कामात एक भेद हाडीमांसी भिनतो: जोखीम वेगळी आणि धास्ती वेगळी. जोखीम मोजता येते. तारण किती, उलाढाल किती, मागील हप्ते वेळेवर आले का. धास्ती मोजता येत नाही. ती साहेबांच्या चेहऱ्यावरून किंवा बाजारातल्या कुजबुजीवरून येते. डोंगरावरही मी हाच हिशेब लावतो. वाट किती रुंद आहे, दगड कोरडा आहे की शेवाळलेला, कठडा आहे का, वारा किती आहे, माझे बूट कसे आहेत, समोरून येणाऱ्याला वाट द्यायला जागा आहे का. ही जोखीम. तिची उत्तरे वाईट आली तर मागे फिरावे आणि त्यात कमीपणा मानू नये. उत्तरे चांगली येऊनही छाती धडधडत राहिली, तर ती धास्ती समजावी. तिच्यासाठी मागे फिरलो की त्या क्षणी हायसे वाटते. पण पुढच्या वेळी ती वाढलेली भेटते. थकलेल्या कर्जाचे नवे-जुने करावे तसे हे आहे. खाते कागदावर सुरळीत दिसते, मुद्दल जागच्या जागी राहते आणि व्याज त्यात मिसळत जाते.

जर्मन कवी गटे याने हे मुद्दल कसे फेडले ते त्याच्या आत्मचरित्रात आहे. १७७० च्या सुमारास तो स्ट्रासबर्गला कायद्याचा अभ्यास करीत होता. उंचीवर त्याला भोवळ येई. तेथील प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावर तो एकटाच चढत असे, कळसाखालच्या भागात काही वेळ बसत असे आणि मग धीर करून बाहेरच्या, जेमतेम हातभर लांबी-रुंदीच्या उघड्या जागेवर उभा राही. असे त्याने इतक्या वेळा केले की शेवटी त्याला त्याचे काही वाटेनासे झाले. पुढे पर्वतयात्रांत आणि रोममधील जुन्या इमारती पाहताना या सवयीचा आपल्याला फार उपयोग झाला, असे तो सांगतो. सुमारे दोनशे वर्षांनी, १९५८ मध्ये, जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने भीतीच्या लहानापासून मोठ्यापर्यंत पायऱ्या लावून एकेक चढण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आजही डॉक्टर साधारण तोच मार्ग सुचवतात. त्यातली कळ एवढीच, की भीती वाटत असताना तिथून पळायचे नाही. ती चढते, काही वेळ तशीच राहते आणि उतरते. ती उतरेपर्यंत थांबायचे. उतरण्याआधी पळालो की मेंदू त्या जागेची नोंद ‘धोक्याची’ अशीच ठेवतो.

आमच्या कुटुंबाचा मांगीतुंगीचा बेत दिवाळीनंतरच्या थंडीचा ठरला तेव्हा माझ्या हाती अडीच महिने होते. पहिले पंधरा दिवस मी चहा गॅलरीत प्यायलो. आधी दाराशी खुर्ची, मग फूटभर पुढे, शेवटी कठड्याला टेकून. पहिल्या दिवशी अर्धा कप थंड झाला. नंतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आठवड्यातून तीनदा. त्यांची भीती कोणालाच वाटत नाही, पण वरच्या तटापाशी उभे राहून शहर पाहायचे म्हणजे मला काम होते. मग सिंहगड. प्रवासात वाटेत नाशिकला मुक्काम असल्याने म्हसरूळच्या गजपंथाची टेकडीही घडली. ते स्वतः एक सिद्धक्षेत्र आहे आणि चढण अशी की शाळकरी मूल खेळत जावे. ज्यांच्या घरात अशी भीती असेल त्यांना मी गजपंथ मुद्दाम सुचवतो.

जाण्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. अंथरुणात कूस बदलताना चक्कर येत असेल, ऐकू कमी येत असेल, किंवा सपाट रस्त्यावरही तोल जात असेल, तर ते उंचीचे भय नसून कानाचा किंवा रक्तदाबाचा विकार असू शकतो. त्यावर धीराचा उपयोग नाही, औषधाचा आहे. चष्म्याचे मलाही नवे कळले. जवळचे आणि लांबचे एकत्र असलेला चष्मा लावून उतरताना आपण खालच्या, वाचनाच्या काचेतून पायरीकडे पाहतो आणि पायरी धूसर दिसते. मी फक्त लांबचे दिसणारा साधा चष्मा करून घेतला. खर्च चारचौघांसारखाच, फरक मोठा.

आम्ही एकोणीस जण होतो. सटाणा, ताहराबाद करीत भिलवाडला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. सेलबारीच्या रांगेत ही दोन शिखरे दुरूनच वेगळी दिसतात: डोंगराच्या माथ्यावर उभे ठेवल्यासारखे काळ्या बेसाल्टचे दोन सुळके. मांगीची उंची समुद्रसपाटीपासून ४,३४३ फूट, तुंगीची ४,३६६. राम, हनुमान, सुग्रीव, गव, गवाक्ष, नील, महानील यांच्यासह नव्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी आपली परंपरा. श्रीकृष्णाच्या देहावसानानंतर शोकाकुल बलभद्रांनी येथेच दीक्षा घेऊन तप केले, असेही मानतात. डोंगरात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाली, तेव्हापासून गर्दी वाढली आहे. बसमधून उतरल्यावर सर्वांच्या माना वर गेल्या. माझीही गेली, आणि लगेच खाली आली.

रात्री धर्मशाळेच्या ओसरीत पहाटेच्या तयारीचे बोलणे चालले होते. सुमारे साडेतीन हजार पायऱ्या, पहाटे पाचला निघायचे, डोल्या किती सांगायच्या. मी म्हणालो, ‘एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला उंचीची भीती वाटते. मी चढणार आहे, पण सावकाश, आणि माझ्या अंगाला कोणी मागून हात लावायचा नाही.’ क्षणभर शांतता झाली. माझी थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, हातातली माळ न थांबवता म्हणाली, ‘मलापण वाटते रे. मांगीच्या फेरीत मी डोळे मिटून वहिनीचा पदर धरला होता मागच्या खेपेला.’ आमच्या घरात वर्षीतप करणारी ही एकटीच; तिला कशाची भीती वाटत असेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मग एका सुनेने सांगितले. आणि शेवटी माझा पुतण्या.

पुतण्या बेचाळीस वर्षांचा. कापडाची दोन दुकाने. अंगापिंडाने भक्कम, बोलायला खणखणीत. गिरनारला तो नेमिनाथांच्या देरासरापासून पुढे गेला नव्हता, श्रवणबेळगोळला पायथ्याशी तळ्याकाठी बसून राहिला होता. गुडघ्याचे कारण सर्वांना पाठ झाले होते; त्याच्या आईने त्या गुडघ्यासाठी नवस बोलून ठेवला होता. तो खाली मान घालून म्हणाला, ‘काका, गुडघा ठीक आहे माझा.’ त्याचा दहा वर्षांचा मुलगा शेजारीच बसला होता. मुलाने बापाकडे पाहिले, मग गुडघ्याकडे, आणि विचारले, ‘मग पप्पा, तुम्ही माझ्याबरोबर येणार?’ त्यावर कोणी हसले नाही, याचे श्रेय मी आमच्या कुटुंबाला देतो.

पहाटे अंधारात निघालो. अंधाराचा एक फायदा असा की दरी दिसत नाही. बॅटरीच्या उजेडात दिसतात त्या फक्त पुढच्या तीन-चार पायऱ्या. ईर्यासमिती आपोआप घडते. उजाडेपर्यंत निम्म्याहून अधिक चढण मागे पडली होती. पुतण्याला मी डोंगराच्या बाजूने चालायला सांगितले होते, दरीच्या बाजूने त्याचा मुलगा. हे उलटे वाटेल, पण मुलाला भीती नव्हती आणि बापाच्या नजरेआड दरी ठेवायला तेवढा आडोसा पुरत होता. मुलाचा हात मात्र त्याच्या आईने धरला होता. आम्ही दोघे प्रत्येक श्वासाबरोबर णमोकाराचे एकेक पद म्हणत होतो. पद म्हणताना श्वास लांब सुटतो आणि छातीची घाई कमी होते, हा माझा अनुभव आहे. थांबलो की मी त्याला दरीकडे नव्हे, दगडाकडे तोंड करून बसायला सांगत असे. शुद्ध-बुद्ध मुनींच्या गुंफांपाशी दर्शन झाले, तिथे आम्ही पुरती पंधरा मिनिटे थांबलो.

डोल्यांविषयी थोडे. भीती वाटणाऱ्या माणसाला घरचे लोक प्रेमाने डोलीत बसवतात. थकलेल्यासाठी ती उत्तम सोय आहे आणि ते वाहक पायऱ्यांचा बारकावा आपल्यापेक्षा कितीतरी अधिक जाणतात. परंतु उंचीला भिणाऱ्याला डोली अनेकदा अधिक जड जाते. पाय जमिनीवर नसतात, बैठक हेलकावते, वळणावर शरीर क्षणभर दरीवर असल्यासारखे वाटते आणि काहीच आपल्या हाती नसते. बहिणीने डोली घेतली ती वयामुळे. तिने वर जाईपर्यंत डोळे उघडले नाहीत. तिची सून चढण्याची ताकद असताना घरच्यांच्या आग्रहाने बसली आणि दोनशे पायऱ्यांत उतरली.

मांगीवर खरी परीक्षा प्रदक्षिणेची. सुळक्याच्या बुंध्याशी कोरीव मूर्ती आणि गुंफा. त्यांना लागून वाट. वाटेच्या दुसऱ्या बाजूला आकाश. मी उजवा तळहात खडकावर ठेवला आणि तो पूर्ण फेरीत उचलला नाही. दगड सकाळचा थंड होता. नजर खडकातल्या मूर्तींवर ठेवली: पद्मासन, खड्गासन, पुन्हा पद्मासन. माझ्या भीतीचा काटा वर गेला, एका वळणावर बराच वेळ तिथेच राहिला. मी थांबलो, मागच्यांना थांबवले, आणि तो खाली येऊ लागल्यावरच पाऊल टाकले. वेळ किती गेला ठाऊक नाही. मागच्या मंडळींनी तेवढ्यात एक स्तवन पुरे केले. पुतण्या माझ्या मागे होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. फेरी पुरी झाल्यावर तो कृष्णकुंडाजवळ बसला आणि बराच वेळ चेहरा पुसत राहिला. मुलगा त्याला पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, ‘झालं पप्पा.’

तुंगीला जायला दोन शिखरांमधली धार ओलांडावी लागते. तोवर वारा सुटला होता. रामगुंफेच्या दर्शनापर्यंत पुतण्या आला, पण सुळक्याभोवतालच्या वाटेची सुरुवात पाहून म्हणाला, ‘काका, आज इथपर्यंत.’ मी त्याचे डोळे पाहिले. पळणाऱ्या माणसाचे डोळे वेगळे असतात. हा माणूस मोजून बोलत होता. वारा होता, पाय थकले होते, उतरायचे अजून बाकी होते. कर्जसमितीत असतो तर मीही त्याच मताचा झालो असतो. मी एकटा पुढे गेलो, खडकाला हात लावून. माघारी आलो तेव्हा तो ज्या जागी बसला होता तिथेच होता, पण आता दरीकडे तोंड करून. मुलगा त्याला खालची गावे दाखवत होता.

उतरणे हे चढण्याहून कठीण, हे सगळेच सांगतात. भीतीच्या बाबतीत त्याचे कारण उघड आहे. चढताना डोळ्यांसमोर पायरी असते, उतरताना पोकळी. आम्ही तिरके उतरलो, एक हात कठड्यावर, नजर दोन पायऱ्या पुढे, त्यापलीकडे नाही. घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ दिले. माझ्या दोन सूचना आहेत, आणि त्या विशेषतः घरातील कर्त्या पुरुषांसाठी आहेत. ज्याला भीती वाटते त्याची पायऱ्यांवर थट्टा करू नये आणि त्याचा फोटो काढू नये. ‘इकडे बघा’ म्हटले की तो नेमका दरीकडे बघतो. आणि उपवास धरून प्रथमच एवढा पहाड चढणाऱ्याने, विशेषतः रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर, आधी डॉक्टरांना विचारावे. पोट रिकामे असताना आलेली भोवळ आणि उंचीची भोवळ एकमेकींत मिसळल्या की कोणती कोणती ते वर असताना कळत नाही. पावसाळ्यात जाऊ नये, हे सांगायला नकोच.

दुपारी धर्मशाळेत जेवताना पुतण्याच्या आईने त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. ओसरीतल्या बोलण्याच्या वेळी ती झोपली होती. त्याने तिला सगळे सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘तुझे वडीलही गच्चीवर पतंग उडवायला कधी चढले नाहीत.’ आपल्याला हे तिने पंचवीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते, असे पुतण्या नंतर मला म्हणाला.

आता माघात शिखरजीचे ठरते आहे. परवा तो दुकानातून फोन करून विचारत होता. पूर्वी त्याचा पहिला प्रश्न रेल्वेच्या तिकिटांचा असायचा. या वेळी म्हणाला, ‘काका, वरची वाट किती रुंद आहे?’ मी त्याला सांगितले की मधुबनातून निघून सर्व टोंकांची वंदना करून परतेपर्यंत सत्तावीस किलोमीटर होतात. नऊ चढण, नऊ वरची, नऊ उतार. वाट मांगीतुंगीच्या मानाने पुष्कळ रुंद आहे, झाडी दाट आहे, कडा डोळ्यांसमोर सतत राहत नाही. पार्श्वनाथांचे टोंक सर्वांत उंच. तिथे मंदिराच्या पायऱ्या चढाव्या लागतात, पण त्या आधाराच्या आहेत. ‘तिथे उंचीचे काही नाही,’ मी म्हणालो, ‘काळजी घ्यायची असेल तर गुडघ्यांची घे.’

पलीकडून तो इतक्या मोठ्याने हसला की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या असतील.